परिषदेच्या दिवसांत २२ जणांचे जेवण

प्रश्न : पुढील महिन्यात आमच्या संस्थेतील २२ जण एका मोठ्या शहराच्या मध्यवर्ती भागात भरणाऱ्या तीन दिवसांच्या परिषदेला जाणार आहोत. परिषद गुरुवारी सकाळी सुरू होते आणि शनिवारी संध्याकाळी संपते. जेवणाची व्यवस्था माझ्याकडे सोपवली आहे. आमच्यापैकी ९ जण विद्यार्थी आहेत. त्यांना खर्चाची भरपाई मिळते, पण ती दोन-तीन महिन्यांनी आणि ठरावीक मर्यादेपर्यंतच. गेल्या वर्षी काहीही न ठरवता आम्ही बाहेर पडलो, ४० मिनिटे पदपथावर उभे राहिलो आणि शेवटी परिषदेच्या इमारतीला लागूनच असलेल्या एका महागड्या ठिकाणी बसलो. बिल सर्वांत समान वाटले गेले. दोन विद्यार्थिनींनी एकेक छोटाच पदार्थ मागवला होता, तरी त्यांनाही इतरांएवढेच पैसे भरावे लागले. त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून आमच्यासोबत जेवायला आल्या नाहीत. यंदा हे मला टाळायचे आहे. शहर माझ्या ओळखीचे नाही. एक सहकारी चाकाची खुर्ची वापरतात, एकीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे आणि ७ जण शाकाहारी आहेत. दुपारची सुट्टी ७५ मिनिटांची आहे. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात उपाहारगृहांविषयी बरेच काही आहे, परंतु मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते त्या दोन विद्यार्थिनींविषयीचे वाक्य. ज्यांना पैसे कमी पडतात ती माणसे सहसा तक्रार करत नाहीत. ती हळूच बाजूला होतात आणि मग त्यांना ‘एकटे राहायला आवडते’ असे आपण समजून बसतो. आपण ते पाहिलेत आणि लक्षात ठेवलेत, म्हणून ही जबाबदारी योग्य व्यक्तीकडे आली आहे असे मी मानतो. यंदाच्या व्यवस्थेत पंक्तिप्रपंच होऊ द्यायचा नसेल, तर सुरुवात उपाहारगृहाच्या शोधापासून करू नये, आकड्यापासून करावी. २२ जणांना एक छोटी प्रश्नावली पाठवावी, तिच्यात नाव विचारू नये, आणि ‘भरपाई उशिरा मिळेल असे धरून एका जेवणासाठी आपण किती रक्कम सहज खर्च करू शकाल’ एवढेच विचारावे. आलेल्या उत्तरांची सरासरी काढण्याचा मोह होईल, तो टाळावा. सरासरी काढली की बऱ्याच लोकांना ती झेपत नाही आणि ते सांगतही नाहीत. जो आकडा सर्वांत लहान असेल तोच आपला आकडा, आणि पुढचे प्रत्येक ठिकाण त्याच मापाने मोजायचे.

परिषदेच्या दाराशी जेवण महाग का असते आणि जागा का मिळत नाही, हे समजून घेतले तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. मध्यवर्ती भागात जागेचे भाडे जास्त असते, हे एक कारण सर्वांना ठाऊक असते. दुसरे कारण अधिक मोठे आहे. समजा, परिषदेला १,००० माणसे आली आहेत आणि इमारतीपासून पाच मिनिटांच्या अंतरावर १० उपाहारगृहे आहेत, ज्यांतील प्रत्येकात ६० जण बसू शकतात. म्हणजे ६०० जागा झाल्या, आणि त्यांतल्या निम्म्या आसपासच्या कार्यालयांतील रोजच्या गिऱ्हाइकांनी आधीच भरलेल्या असतात. उरलेल्या ३०० जागांवर १,००० माणसे एकाच वेळी, सभागृहाचे दार उघडल्यापासून पहिल्या पंधरा मिनिटांत, चालून येतात. अशा वेळी कोणत्याही मालकाला दर कमी करण्याचे किंवा २२ जणांसाठी टेबले अडवून ठेवण्याचे कारण उरत नाही. तेव्हा गेल्या वर्षी आपले नियोजन चुकले असे म्हणण्यापेक्षा, आपण सर्वांत वाईट वेळी, सर्वांत मोठ्या संख्येने, सर्वांत जवळच्या ठिकाणी गेलात, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. या तिन्ही गोष्टींपैकी एकेक बदलता येते.

मात्र त्याआधी नोंदणी शुल्कात काय काय आले आहे ते नीट वाचावे. अनेक परिषदांत पहिल्या संध्याकाळचा स्वागत समारंभ, दोन वेळचा चहा आणि कधी कधी एखादे दुपारचे जेवणही शुल्कातच असते, आणि ते ठाऊक नसल्यामुळे लोक त्याच वेळी बाहेर जाऊन पुन्हा पैसे खर्च करतात. तसेच मुक्कामाच्या भाड्यात सकाळचा नाश्ता आहे का, हेही पाहावे. असेल तर पोटभर नाश्ता करून निघावे, म्हणजे दुपारी हलके खाल्ले तरी चालते. तीन दिवसांत हा फरक विद्यार्थ्यांना चांगलाच जाणवतो.

आता दुपारच्या जेवणाविषयी. माझे मत स्पष्ट आहे : दुपारी २२ जणांनी एकत्र जेवण्याचा प्रयत्नच करू नये. ७५ मिनिटांचा हिशेब मांडून पाहा. २२ माणसे गोळा करून इमारतीबाहेर पडायला १० मिनिटे जातात. जायला १० आणि यायला १० मिनिटे धरली की ४५ उरतात. बसून सर्वांनी पदार्थ सांगेपर्यंत १५, स्वयंपाकघराला एवढ्या ताटांसाठी किमान २० आणि बिलासाठी १० मिनिटे लागतात. म्हणजे प्रत्यक्ष जेवायला उरत काहीच नाही. जेथे रांगेत उभे राहून काउंटरवरून जेवण घ्यायचे असते तेथेही गणित असेच चालते. एका माणसाला एक मिनिट लागत असेल तर बाविसाव्या माणसाच्या हातात जेवण २२ मिनिटांनी येते, सहा जणांच्या गटातल्या शेवटच्या माणसाला मात्र सहाच मिनिटे थांबावे लागते.

शिवाय, लांबलचक टेबलावर २२ जण बसले म्हणजे ते एकत्र जेवतात असेही नाही. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत असे आढळले होते की माणसांच्या सहज जमलेल्या गप्पांमध्ये एका वेळी साधारण चौघेच सामील असतात. पाचवा-सहावा आला की संभाषण फुटून दोन होतात. मोठ्या टेबलाच्या दोन टोकांना बसलेल्यांची गाठ जेवणाच्या शेवटी बिल वाटतानाच पडते, आणि ते भेटण्याचे फार सुखद निमित्त नव्हे.

म्हणून दुपारसाठी चार गट करावेत : सहा, सहा, पाच आणि पाच. बहुतेक उपाहारगृहांत चौघांची टेबले असतात आणि दोन टेबले जोडली की पाच-सहा जणांची सोय आरक्षणाशिवायही होते. गट मात्र लोकांवर सोडू नयेत, आपण करावेत, आणि गुरुवार-शुक्रवारी बदलावेत. लोकांवर सोडले की ज्येष्ठ ज्येष्ठांबरोबर जातात, जुने मित्र एकत्र जातात आणि दाराशी दोन-तीन नवखी माणसे फोनकडे पाहत उभी राहतात. प्रत्येक गटात दोन-तीन विद्यार्थी, किमान एक ज्येष्ठ आणि एक गटप्रमुख असावा. गटप्रमुखाचे काम एवढेच की आपली माणसे मोजून घ्यायची, ठरलेल्या ठिकाणी न्यायचे आणि जागा नसेल तर पाच मिनिटांपेक्षा जास्त वाट न पाहता दुसऱ्या ठिकाणी वळायचे. कोठे जायचे यावर पदपथावर चर्चा सुरू झाली की सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाच्या आवडीचे, आणि बहुधा त्याच्या खिशाला परवडणारे, ठिकाण निवडले जाते. गटप्रमुखांच्या हाती आधीच दोन नावे असली की हे टळते. चार गटांनी चार वेगवेगळ्या दिशांना जावे. एकाच ठिकाणी चारही गट पोचले तर वेगळे होऊन काही साधले नाही.

ही ठिकाणे अनोळखी शहरात शोधायची कशी? नकाशावर परिषदेच्या इमारतीभोवती सुमारे ५००-६०० मीटरचे वर्तुळ धरावे. एकटा माणूस दहा मिनिटांत साधारण ८०० मीटर जातो, पण गट त्यातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या वेगाने जातो आणि प्रत्येक सिग्नलपाशी तुटतो. अंतर मोजताना इमारतीचे कोणते दार उघडे असते ते आधी विचारावे, कारण मोठ्या सभागृहांची दारे एकमेकांपासून काहीशे मीटर दूर असतात आणि नकाशावरची खूण बहुधा इमारतीच्या मध्यावर असते. मग मुख्य रस्ता सोडून त्याच्या मागच्या, दुसऱ्या-तिसऱ्या समांतर रस्त्यावर शोधावे. तेथे भाडे कमी असते आणि गिऱ्हाईक रोजचे असते. जेथे लोकांना रोज जेवावे लागते त्या जागांच्या आसपास स्वस्त आणि चांगले अन्न मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते : महाविद्यालये, मोठी रुग्णालये, रेल्वे स्थानके, सरकारी कचेऱ्या, बाजारपेठा. रोज येणाऱ्या गिऱ्हाइकाला एकदा फसवता येते, दुसऱ्यांदा नाही. काही विद्यापीठांची, रुग्णालयांची आणि वस्तुसंग्रहालयांची उपाहारगृहे बाहेरच्यांनाही खुली असतात. फोन करून विचारले तर लगेच कळते.

फूड कोर्ट हा पर्याय अनेकांना सामान्य वाटतो, परंतु आपल्या गटासाठी मी तो वरच्या क्रमांकावर ठेवीन. तेथे प्रत्येकाला आपल्या आवडीचे आणि ऐपतीचे घेता येते, पैसे ज्याचे त्याने द्यायचे असतात, शाकाहारी आणि मांसाहारी एकाच टेबलावर बसू शकतात आणि कोणी किती कमी घेतले याकडे कोणाचे लक्षही जात नाही. जागा मात्र दोघांनी आधी जाऊन धरावी लागते.

इंटरनेटवरील अभिप्राय वाचताना एकंदर गुणांपेक्षा गेल्या दोन-तीन महिन्यांतील अभिप्राय पाहावेत आणि त्यांत ‘गट’, ‘वाट पाहावी लागली’, ‘गोंगाट’ हे शब्द शोधावेत. छायाचित्रांत पदार्थांपेक्षा खोली पाहावी : टेबले हलवता येण्याजोगी आहेत की जमिनीत पक्की बसवलेली, दोन टेबलांमध्ये किती जागा आहे, दाराशी पायरी आहे का. दरपत्रकाचे छायाचित्र जुने असू शकते, म्हणून दर फोनवरून खात्री केल्याशिवाय खरे मानू नयेत.

एक मार्ग मला नेहमीच सर्वांत भरवशाचा वाटत आला आहे. परिषदेच्या इमारतीत रोज काम करणाऱ्या माणसांना विचारावे : सुरक्षारक्षक, सफाई कर्मचारी, ध्वनियंत्रणा सांभाळणारे तंत्रज्ञ. ‘येथे चांगले काय मिळते’ असे विचारले तर पाहुण्यांना सांगायची ठरावीक नावे कळतात. ‘तुम्ही स्वतः दुपारी कोठे जेवता’ असे विचारले तर खरे उत्तर मिळते. मी परिषदांची व्यवस्था पाहत असताना एकदा सभागृहाच्या मागच्या दाराशी असलेल्या एका रक्षकाने मला असे एक ठिकाण दाखवले होते, जे नकाशावर नव्हतेच, आणि पुढचे दोन दिवस आमचे तिन्ही गट आळीपाळीने तेथेच जेवले.

तीनपैकी एका दुपारी, शक्यतो शनिवारी, जेवणाचे डबे मागवण्याचाही विचार करावा. २२ डब्यांची मागणी आदल्या दिवशी दिली तर बरीच उपाहारगृहे दर कमी करतात, कारण त्यांना टेबल अडवावे लागत नाही आणि काम सकाळच्या मोकळ्या वेळात उरकता येते. येथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. पुष्कळ सभागृहांचा एकाच खानपान ठेकेदाराशी करार असतो आणि बाहेरचे अन्न आत आणायला मनाई असते, म्हणून बसण्याची जागा जवळच्या सार्वजनिक बागेत किंवा प्रांगणात आधी पाहून ठेवावी आणि पाऊस आला तर कोठे जायचे तेही ठरवावे. दुसरी गोष्ट अन्न टिकण्याची. शिजवलेले अन्न सामान्य तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये, गरम अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेची अन्नसुरक्षेची सूत्रे सांगतात. तेव्हा डबे सकाळी दहाला आणून दुपारी एकपर्यंत पिशवीत ठेवणे धोक्याचे आहे. सुट्टीच्या अर्धा तास आधी ते हाती पडतील अशीच वेळ सांगावी.

सर्वांनी एकत्र बसण्याचे एक जेवण मात्र असायलाच हवे, आणि ते रात्रीचे असावे. मी त्यासाठी गुरुवार सुचवीन. शेवटच्या दिवशी निरोपाचे जेवण ठेवण्याची पद्धत असते, पण शनिवारी संध्याकाळी काही जण गाडी पकडायला निघून जातात, आणि मध्यवर्ती व्यापारी भागांतील बरीच उपाहारगृहे कार्यालयांवर चालत असल्यामुळे शनिवार-रविवारी बंद असतात. जी उघडी असतात त्यांच्याकडे आठवड्यातील सर्वांत जास्त गर्दी असते. गुरुवारी हे दोन्ही प्रश्न नसतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पहिल्याच रात्री सर्वांची ओळख झाली की पुढच्या दोन दिवसांतले छोटे गट आपोआप सैल होतात. नवा विद्यार्थी शुक्रवारी दुपारी ज्येष्ठाच्या शेजारी बसायला कचरत नाही. गुरुवारी परिषदेचाच स्वागत समारंभ असेल तर शुक्रवार घ्यावा, पण लवकरची वेळ घ्यावी. हे ठिकाण परिषदेच्या इमारतीजवळ असण्याचे काहीच कारण नाही. रात्री घाई नसते, म्हणून मुक्कामाच्या जवळचे किंवा दोन-तीन थांबे दूर, वस्तीच्या भागातील ठिकाण पाहावे.

आरक्षणासाठी फोन दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान करावा. जेवणाच्या वेळी फोन केला तर उचलणारा माणूस घाईत असतो आणि मोठ्या गटाला ‘नाही’ म्हणणे त्याला सोपे जाते. मालकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. २२ जणांच्या गटाची त्याला भीती का वाटते? गट उशिरा येतो, २२ म्हणून १६ येतात, सर्व जण एकाच क्षणी २२ वेगवेगळे पदार्थ सांगतात आणि स्वयंपाकघर ठप्प होते, मग गट तीन तास बसतो आणि शेवटी बिलाचे २२ तुकडे मागतो. या प्रत्येक भीतीवर आपल्याकडे उत्तर असेल तर दर मागण्याचा अधिकार आपल्याला मिळतो. आम्ही साडेसहाला येऊ आणि साडेआठला टेबल मोकळे करू, पदार्थ तीन दिवस आधी कळवू, संख्या ४८ तास आधी पक्की करू आणि नंतर कोणी आले नाही तरी त्या संख्येचे पैसे देऊ, रक्कम एकाच वेळी एकाच व्यक्तीकडून मिळेल, असे सांगावे आणि मग विचारावे की यासाठी माणशी ठरलेल्या रकमेत तीन-चार पदार्थांचे जेवण देता येईल का. आपला आकडा आपणच आधी सांगावा. ‘तुमच्याकडे स्वस्तात काय आहे’ या प्रश्नापेक्षा ‘सर्व करांसह माणशी एवढे आहेत, यात काय देऊ शकाल’ या प्रश्नाला स्वयंपाकघर फार चांगले उत्तर देते.

‘सर्व करांसह’ हे शब्द विसरू नयेत. दरपत्रकावर १०० लिहिले असेल, त्यावर १० टक्के सेवाशुल्क लागले आणि त्या दोहोंवर १० टक्के कर लागला तर प्रत्यक्षात १२१ द्यावे लागतात. पाणी आणि पेये त्याहून वेगळी. काही देशांत सहा किंवा आठ माणसांपेक्षा मोठ्या गटाच्या बिलात सेवाशुल्क आपोआप जोडले जाते, आणि ते लक्षात न आल्याने लोक वर पुन्हा बक्षिसी ठेवतात. स्वतंत्र खोली देऊ केली तर तिचे भाडे वेगळे आहे की किमान खर्चाची अट आहे, हे विचारावे. किमान खर्चाची अट वाईटच असते असे नाही; ती रक्कम २२ ने भागून पाहावी आणि भागाकार आपल्या आकड्याच्या आत येत असेल तर खोली जणू फुकटच मिळाली. आगाऊ रक्कम किती, कोणत्या तारखेपर्यंत रद्द केल्यास परत मिळेल, आणि हे सर्व लेखी कळवणार का, एवढे विचारून फोन ठेवावा. लेखी उत्तर देण्याची टाळाटाळ करणारे ठिकाण सोडून द्यावे, ते कितीही स्वस्त असले तरी. एका गावी तोंडी ठरलेल्या दरावर विसंबून मी ३० जणांना घेऊन गेलो आणि त्या रात्री ‘तो दर सुट्टीच्या दिवसांना लागू नाही’ असे ऐकावे लागले. रस्त्यावर ३० भुकेली माणसे उभी असताना वाद घालण्याइतकी ताकद कोणापाशीच नसते.

आता बिल वाटण्याचा प्रश्न, ज्याने आपले गेले वर्ष बिघडवले. समान वाटणी दिसायला न्याय्य दिसते, पण ती माणसांना जास्त मागवायला लावते, कारण जास्तीच्या पदार्थाचा बहुतांश खर्च इतरांवर पडतो. अर्थशास्त्रज्ञ उरी ग्नीझी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००४ मध्ये याविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. सहा-सहा अनोळखी माणसांच्या गटांना खऱ्या उपाहारगृहात जेवायला बसवले असता, बिल समान वाटले जाणार हे माहीत असलेल्या लोकांनी स्वतःपुरते पैसे देणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांश अधिक रकमेचे पदार्थ मागवले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की आधी विचारले असता बहुतेकांनी स्वतःचे स्वतः देणेच पसंत केले होते. म्हणजे समान वाटणी बहुतेकांना नको असते, पण टेबलावर ‘मी माझे वेगळे देतो’ असे म्हणण्याचा संकोच वाटतो. हा संकोच दूर करण्याचे काम व्यवस्थापकाचे, म्हणजे आपले आहे, आणि ते आदल्या दिवशीच करून टाकावे. दुपारी ज्याचे त्याने द्यायचे, असे आपणच सर्वांना लिहून कळवावे. रात्रीच्या जेवणाची माणशी ठरलेली रक्कम आठवडाभर आधी गोळा करावी आणि टेबलावर पैशांचा विषय निघूच देऊ नये. ठरलेल्या जेवणापलीकडे कोणाला मद्य किंवा आणखी काही घ्यायचे असेल तर त्याचे बिल सुरुवातीपासूनच वेगळे ठेवायला सांगावे. ज्येष्ठांपैकी कोणाला विद्यार्थ्यांचा भार हलका करावासा वाटला, तर तो वाटा आपल्याकडे आधी गुपचूप द्यायला सांगावा, म्हणजे सर्वांचीच रक्कम कमी लावता येते. जाहीर दातृत्वाने घेणारा अवघडतो.

विद्यार्थ्यांच्या भरपाईविषयी आपल्या लेखा विभागाशी आत्ताच बोलावे. दोन-तीन महिन्यांनी पैसे मिळणार असतील तर आगाऊ उचल देता येते का, किंवा रात्रीच्या जेवणाचे बिल संस्था थेट भरू शकते का, हे विचारायला काहीच हरकत नाही. एकाच बिलावर सर्वांचे जेवण असेल तर भरपाईसाठी नावांची यादी लागते का, बिलावर संस्थेचे नाव हवे का, मद्याची नोंद असलेले संपूर्ण बिल नाकारले जाते का, हे नियम जाण्यापूर्वी ठाऊक असले पाहिजेत. परतल्यावर कळले तर त्याचा भुर्दंड पुन्हा विद्यार्थ्यांनाच पडतो.

चाकाची खुर्ची वापरणाऱ्या सहकाऱ्यांसाठी ‘तुमच्याकडे सोय आहे का’ असे विचारू नये. या प्रश्नाला सगळेच ‘हो’ म्हणतात. ‘रस्त्यापासून टेबलापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत, दाराची रुंदी किती आहे आणि स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का’ असे विचारावे. एक पायरी ‘काहीच नाही’ म्हणून सांगितली जाते, पण खुर्चीसाठी ती एकच पायरी पुरेशी अडवणूक असते. आणि त्यांच्यासाठी काय चालेल हे त्यांनाच आधी विचारावे, कारण आपण कल्पनेने केलेल्या सोयींपेक्षा त्यांना स्वतःच्या गरजा नक्कीच चांगल्या ठाऊक आहेत. दुपारच्या चार गटांची ठिकाणे ठरवताना किमान दोन तरी त्यांना जाता येतील अशी असावीत, म्हणजे दोन्ही दुपारी त्यांना एकाच ठिकाणी जावे लागणार नाही.

शेंगदाण्याच्या ॲलर्जीकडे ‘आवडनिवड’ या रकान्यात पाहू नये. शिजवल्याने किंवा तळल्याने हा धोका जात नाही, आणि पदार्थात शेंगदाणा नसला तरी तेच तेल, तोच चमचा किंवा तीच कढई वापरली गेली तरी त्रास होऊ शकतो. रात्रीच्या ठिकाणी फोनवर हे सांगावे, लेखी आरक्षणात लिहून घ्यावे आणि त्या दिवशी बसताना वेटरला पुन्हा सांगावे. शहराची भाषा वेगळी असेल तर त्या भाषेत लिहिलेले कार्ड सोबत ठेवावे. स्वयंपाकघराचे उत्तर ‘बहुधा नसेल’ असे आले तर ते ‘नाही’ समजून ठिकाण बदलावे. तिच्याजवळ तातडीच्या औषधाचे इंजेक्शन असेल तर ते खोलीवर न राहता अंगावरच्या पिशवीत असावे आणि ते कोठे आहे हे तिच्या संमतीने गटातल्या आणखी दोघांना माहीत असावे. शाकाहारी सात जणांचा प्रश्न तुलनेने सोपा आहे : त्यांच्यासाठी एक तरी पोटभरीचा पदार्थ आहे ना, केवळ इतर पदार्थांतून मांस काढून ठेवलेले ताट नाही ना, एवढे विचारले की पुरे.

बुधवारी रात्री सर्वांना एकच संदेश पाठवावा : कोण कोणत्या गटात, सुट्टी झाल्यावर कोणत्या दाराशी जमायचे, दोन-दोन ठिकाणांची नावे आणि नकाशावरील खुणा, आणि गट किती वाजता निघेल. सत्र संपल्यावर सात मिनिटांनी निघायचे असे ठरवावे आणि खरोखरच निघावे. मागे राहिलेल्याला ठिकाण माहीत असते, तो येऊन मिळतो. शक्य असेल तर दोन गटांनी शेवटची प्रश्नोत्तरे सोडून दहा मिनिटे आधी बाहेर पडावे आणि उरलेल्या दोन गटांनी उशिरा. १,००० माणसांच्या लाटेच्या थोडे पुढे किंवा थोडे मागे असलेल्या गटाला बसायला जागा मिळते. शनिवारी दुपारी जवळपासची बहुतेक ठिकाणे बंद असतील असे धरून त्या दिवसाचे डबे शुक्रवारी दुपारीच सांगून ठेवावेत.

त्या दोन विद्यार्थिनी यंदाही येणार असतील, तर माणशी रक्कम पक्की झाली की इतरांना कळवण्याआधी त्यांना कळवा आणि गुरुवारच्या टेबलावर त्यांना मध्यभागी जागा द्या. गेल्या वर्षीचा विषय काढण्याची गरज नाही. आजपासून महिना आहे. प्रश्नावली या आठवड्यात गेली तर पुढच्या सोमवारी किंवा मंगळवारी दुपारी तीननंतर पहिला फोन करता येईल.